भूकंपच्या तोंडची भाषा

शनिवारी संध्याकाळी टीव्हीवरच्या कुस्तीत भूकंपने पोलादच्या आईचा फोटो टराटरा फाडला, तेव्हा लेखकराव वडिलांच्या शेजारी बसून मटार सोलत होते, आणि आपल्याला यातलं ओ की ठो कळत नाही असा चेहरा करून होते. फोटो फाडायला लावणारे तेच होते. तो पोलादच्या आईचा नव्हताही. कंपनीत कपडे शिवणाऱ्या बाईंच्या मावशीचा होता, आणि मावशींची समजूत घालता घालता लेखकरावांच्या नाकी नऊ आले होते.

"अक्कल वाटत होते तेव्हा तू रांगेत नव्हतास," पडद्यावरचा भूकंप पोलादवर खेकसला. तिथल्या हॉलमधले प्रेक्षक चवताळून उभे राहिले.

लेखकरावांनी तिरक्या डोळ्याने वडिलांकडे पाहिलं. वडील शांतपणे शेंगदाणे खात होते. लेखकरावांचा जीव भांड्यात पडला, कारण ते वाक्य वडिलांचं होतं.

झालं होतं ते असं. लेखकराव एका कुस्ती कंपनीत कथा लिहीत. ही कुस्ती टीव्हीवरची, झगमगत्या चड्ड्यांची. तिच्यात कोण जिंकणार हे आधीच ठरलेलं असतं, पण दोन धडधाकट माणसं एकमेकांच्या जिवावर का उठली, हे कोणीतरी बसून लिहावं लागतं. वर्षाचा मोठा सामना म्हणजे महासंग्राम. त्याच्या आधीचे सगळे शनिवार भांडण मंद आचेवर शिजवत आणायचं, म्हणजे प्रेक्षकाच्या पोटात अशी आग पडते की तिकीट काढल्याशिवाय त्याला झोप येत नाही. लेखकरावांनी तरुणपणी एक कादंबरी लिहिली होती. ती कोणी छापली नाही. पुढे एका मुलीला मागणी घातली, तिथूनही हस्तलिखित साभार परत आलं. मग आयुष्यात एकदा तरी आपल्या लिहिण्यावर माणसं रडावीत म्हणून ते या धंद्यात शिरले, आणि इथे रडतच नाहीत तर खुर्च्यासुद्धा फेकतात हे पाहून रमले.

अडचण एकच होती. चांगल्या माणसाची भाषणं त्यांना भराभर सुचत, पण खलनायकाच्या तोंडी काय घालावं हे काही केल्या सुचेना. त्यांचं कोणी कधी फारसं वाईट केलं नव्हतं. तेवढं महत्त्वच त्यांना कोणी दिलं नव्हतं. अपमानाचा साठा म्हणाल तर जवळ एकच होता आणि तो घरात होता. वडील बस दुरुस्तीच्या कारखान्यात मुकादम होते. इंजिनांच्या घरघरीवर मात करून चार माणसांना ऐकू जाईल असं बोलायची त्यांना सवय, आणि निवृत्त झाल्यापासून चार माणसांच्या वाट्याचं सगळं एकट्या लेखकरावांना मिळत होतं. ते सगळं लेखकराव सोमवारी ऑफिसात जाऊन उतरवून काढत आणि भूकंपच्या तोंडी देत. "उभा आहेस की भिंतीला टेकवून ठेवलाय?" हे वडिलांचं. "तुझ्यापेक्षा दारातलं पायपुसणं बरं, निदान जागेवर तरी सापडतं," हेही वडिलांचं. महाराष्ट्रभर नाही तरी निदान त्या शहरात शाळकरी पोरांपासून भाजीवाल्यांपर्यंत सगळे एकमेकांना पायपुसणं म्हणू लागले होते.

मटार घेऊन ते स्वयंपाकघरात गेले, तर धाकटी बहीण ओट्याशी वाट बघत उभी.

"दादा, उद्या बाबांना भेटायला एकजण येतोय. लग्नाचं बोलायला."

"अरे वा. कोण?"

"चिडणार नाहीस ना?"

"मी कधी चिडतो?"

"आत्ता फोटो फाडला तो."

लेखकरावांच्या हातातलं पातेलं कलंडलं आणि मटार घरभर झाले.

धाकटी एका दातांच्या दवाखान्यात मदतनीस होती. पोलादचा कोपर चुकून लागून भूकंपचा पुढचा दात हलला होता, तो बसवायला तो तिथे आला. तोंडात दुसऱ्याचा हात असताना माणसाला फारसं खोटं बोलता येत नाही. त्याने सगळं सांगून टाकलं. मूळचा तो पोहण्याच्या तलावावर लहान मुलांना पोहायला शिकवायचा, रक्त दिसलं की त्याला घेरी येते, आणि ही भांडणं लिहिलेली असतात, लिहिणारा बहुतेक तुमचाच भाऊ असावा.

"त्याने दंडक मोडला," लेखकराव मटार वेचता वेचता म्हणाले. कंपनीचा तो पहिला दंडक होता. हे सगळं लिहिलेलं असतं, हे बाहेरच्या माणसाला मरेपर्यंत सांगायचं नाही. घरात त्यांनी आपण कंपनीच्या ऑफिसात बसतो एवढंच सांगितलं होतं. तेही खरंच होतं म्हणा.

"मग तूही मोड. बाबांना सांगून टाक हे नाटक आहे म्हणून."

"आणि ती वाक्यं कोणाची, हे कोण सांगणार?"

"मला पहिल्याच शनिवारी कळलं कोणाची ते."

"तुला कळणारच. तू ऐकणारी. बोलणाऱ्याला कळत नाही. स्वतःची बोलणी कोणाला ओळखू येत नाहीत, हा मनुष्यस्वभाव आहे."

"दादा, तुझ्या कादंबरीतसुद्धा तू मनुष्यस्वभाव सांगितला होतास," धाकटी म्हणाली आणि झाडू त्यांच्या हातात देऊन निघून गेली.

दुसऱ्या दिवशी भूकंप आला. महासंग्राम होईपर्यंत खलनायकाने चारचौघांत हसायचं नाही, हा कंपनीचा दुसरा दंडक. त्यामुळे तो जिना चढताना वाटेत भेटेल त्याच्याकडे डोळे वटारत आला. खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी घाबरून दार लावून घेतलं, ते दोन दिवस उघडलं नाही. आत आल्यावर मात्र त्याने चपला नीट जोडून ठेवल्या आणि सोफ्याच्या कडेला, फळीवर ठेवलेल्या भांड्यासारखा जपून बसला.

"साखर किती?" वडिलांनी विचारलं.

"तुम्ही द्याल ती," भूकंप पुटपुटला.

"शनिवारी आवाज बराच मोठा असतो तुमचा."

"ते कामावर असतं."

"आणि बोलता ते? पायपुसणं वगैरे? ते कोणाचं?"

भूकंपने लेखकरावांकडे पाहिलं. लेखकरावांनी डोळ्यांनीच दंडकाची आठवण करून दिली. गरीब बिचारा घाम पुसत म्हणाला, "माझंच आहे. मनापासून येतं."

वडिलांनी कप खाली ठेवला. चहा अर्धाच प्यायला होता. "असली भाषा स्वतःची म्हणून मिरवणाऱ्याला मी मुलगी देणार नाही," ते म्हणाले आणि आत जाऊन त्यांनी रेडिओ लावला.

भूकंप जिना उतरला तो डोळे न वटारताच. खाली रडला असंही धाकटीने सांगितलं, पण तेव्हा तीही रडत होती, त्यामुळे नक्की कोण किती हे समजायला मार्ग नव्हता. लेखकरावांना फार वाईट वाटलं. आई गेल्यावर या पोरीच्या वेण्या त्यांनी घातल्या होत्या, त्याही वाकड्या. तिचं लग्न मोडावं आणि तेही आपल्या लेखणीने, म्हणजे हद्द झाली.

"तू बिघडवलंस, तूच निस्तर," धाकटी म्हणाली. "त्याला चांगला कर."

सरळ बापाजवळ जाऊन दोन वाक्यं बोलावीत, हा सोपा उपाय होता. पण सोपा उपाय दिसला की त्याला वळसा घालायचा, ही लेखकरावांची जुनी खोड. कादंबरीत नायक नायिकेला पत्ता विचारायला ऐंशी पानं घेत होता. ते उठले आणि मालकीणबाईंकडे गेले.

कुस्ती कंपनीच्या मालकीणबाई कधीच मोठ्याने बोलत नसत, आणि त्याचाच सगळ्यांना धाक होता. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "करा भूकंपला चांगला. पण लेखकराव, वाईट कोण? चांगली माणसं बघायला कोणी तिकीट काढत नाही. ती घरी फुकट असतात."

"पोलादला वाईट करू."

पोलाद ऐकूनच उठून उभा राहिला. "माझ्या तोंडावर गाद्या विकल्या जातात. चौकातल्या फलकावर मी पोराला कडेवर घेऊन झोपलोय. उद्या मी वाईट झालो तर त्या गादीवर कोण झोपणार?"

मग त्यांनी पंचाला धरलं. पंच स्वतःच्या इमारतीच्या सोसायटीच्या निवडणुकीला उभा होता. "टीव्हीवर लबाडी केली तर पाण्याच्या पंपाचं काम माझ्याकडे कोण देईल?" समालोचकाने तर पुढचं ऐकूनच घेतलं नाही. "माझी आई बघते हो."

"आई समजून घेईल."

"तुमचे वडील घेतात?" समालोचकाने सहज विचारलं, आणि लेखकरावांना एकदम दुसरं काम आठवलं.

इकडे टीव्हीवर भूकंप सुधारायला लागला. पुढच्या शनिवारी त्याने तो फाटका फोटो डिंकाने चिकटवून पोलादला परत केला. मावशींचं नाक जरा खाली चिकटलं, पण भावना पोचली. हॉलमधल्या बायका डोळे पुसत होत्या. लेखकरावांनी मोठ्या आशेने वडिलांकडे पाहिलं.

"सपक झाला," वडील म्हणाले. "पूर्वी निदान ऐकावंसं बोलायचा." आणि जेवायच्या आधीच पडायला गेले.

लेखकरावांना वाटलं, अजून पुरेसा चांगला झाला नाही. त्यांनी आणखी गोडवा ओतला. भूकंपने पोलादच्या जखमेला पट्टी बांधली, पंचाची माफी मागितली, दोरीत अडकलेलं पाखरू सोडवलं. पाखरू पुठ्ठ्याचं होतं. त्या आठवड्यात महासंग्रामची तिकिटं खपायचीच थांबली. ज्याला कोणावर रागावायचंच नाही, त्याने रविवारची दुपार घालवून हॉलमध्ये का यावं?

मालकीणबाईंनी लेखकरावांना बोलावलं. "लेखकराव, ही सगळी भांडणं लावली कोणी?"

"तुम्हाला माहितीच आहे. मीच."

"मग झालं तर. भूकंपने जे वाईट केलं ते ऑफिसातल्या एका माणसाच्या धाकाने केलं. तो पडद्यामागे बसून सगळ्यांना नाचवतो. महासंग्रामला तो बाहेर येणार, आणि दोघं मिळून त्याला झोपवणार. दुसरं कोणी तयार नाही, आणि तुम्हाला गाद्या विकायच्या नाहीत, निवडणूक लढवायची नाही."

"माझे वडील बघतात हो."

"बघू देत की," मालकीणबाई हळूच म्हणाल्या. म्हणजे विषय संपला.

नंतरच्या शनिवारी टीव्हीवर दुधी काचेमागे, आदल्या दिवशी टिपून ठेवलेली, एक सावली दिसली. सावलीने कान खाजवला. घरात सोफ्यावर लेखकरावही नेमके कान खाजवत होते, ते वडिलांच्या नजरेने मध्येच थांबले.  दुसऱ्या दिवशी वडिलांनी धाकटीला पाठवून महासंग्रामची दोन तिकिटं आणवली, अगदी पुढच्या रांगेतली.  बहिणीचं लग्न जुळवायचं तर बापासमोर नीच ठरायचं होतं, आणि तेही चकचकीत कोट घालून.

कोट पोलादच्या लग्नातला होता. त्यात लेखकरावांसारखे दोघं मावले असते, म्हणून कपडेवाल्या बाईंनी पाठीमागे कपडे वाळत घालायचे चिमटे लावून तो घट्ट केला. "फक्त लोकांकडे पाठ करू नका," त्यांनी बजावलं. रिंगणाच्या चारही बाजूंना लोक होते, हे दोघांच्याही ध्यानात नंतर आलं.

स्वतःचं भाषण लेखकरावांनी मात्र उसनं घेतलं नव्हतं. एवढी वर्षं दुसऱ्यांना दिलं, आज स्वतःच्या तोंडी स्वतःची भाषा, असं ठरवून त्यांनी कादंबरीतला उतारा पाठ केला होता. हॉल खच्चून भरला होता. प्रकाशझोत पडले, ढोल वाजले, लेखकराव दोऱ्यांत पाय अडकवत रिंगणात शिरले आणि ध्वनिक्षेपक तोंडाशी धरून म्हणाले, "अज्ञानाच्या तिमिरात चाचपडणाऱ्या जीवांनो, मीच तो, ज्याने तुमच्या भावनांची वीणा छेडली."

हॉल चिडीचूप झाला. मागून कोणीतरी विचारलं, "हा तिकिटं तपासायला आलाय का?"

लेखकरावांनी आणखी दोन ओळी म्हटल्या. पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी डबा उघडला. कोपऱ्यात उभ्या असलेल्या पोलादने जांभई दाबली. भूकंप हात जोडून कसलीशी प्रार्थना करत होता. चिमटे दिसू नयेत म्हणून लेखकराव खेकड्यासारखे सरकत सरकत फिरत होते, आणि लोक आता हसायला लागले होते. खलनायकाला लोक हसले की संपलंच. मालकीणबाई दारात उभ्या होत्या. त्यांचा चेहरा फार शांत दिसत होता.

बुडत्याला काडीचा आधार, तसं त्यांना ते जुनं वाक्य आठवलं. पोलादकडे बोट रोखून ते ओरडले, "अक्कल वाटत होते तेव्हा तू..." आणि तेवढ्यात त्यांची नजर पुढच्या रांगेत गेली. वडील समोरच बसले होते, हातात शेंगदाण्यांची पुडी, डोळे थेट त्यांच्या डोळ्यांत.  "तेव्हा तू... रांगेत..." पुढे शब्दच फुटेना.

आणि त्या शांततेत, ध्वनिक्षेपकाशिवाय, कारखान्यात कमावलेला आवाज हॉलच्या शेवटच्या भिंतीपर्यंत गेला.

"नव्हतास. आणि असतास तरी पिशवी घरी विसरला असतास."

 हॉल असा हसला की वरचे दिवे हलले. वडील उठले. धाकटी हाताला धरून मागे ओढत होती, पण ते कुठले थांबतात. भूकंपने धावत जाऊन दोऱ्या फाकवल्या आणि त्यांना अलगद वर घेतलं. वडिलांनी शेंगदाण्यांची पुडी पंचाच्या हातात दिली आणि लेखकरावांसमोर उभे राहिले.

"पायपुसणं म्हणायला लावलंस ना? तू पायपुसणंसुद्धा नाहीस. त्याच्यावर निदान स्वागत तरी लिहिलेलं असतं. वीणा छेडतोय. घरातला नळ ठिबकतोय तो छेड आधी. तुझ्या वयाचा असताना मी दोन माणसांचं काम करत होतो, तुला एका माणसाची झोपसुद्धा धड पुरी करता येत नाही. आणि हा कोट कोणाचा? आतला माणूस कुठेय?"

प्रत्येक वाक्याला लोक उभे राहत होते. लेखकराव मान खाली घालून, डाव्या पायाच्या अंगठ्याने जमीन कोरत ऐकत होते. हे त्यांना लिहून द्यावं लागलं नव्हतं. लहानपणापासून ते असेच उभे राहत आले होते. वडील एक पाऊल पुढे आले, तसे सवयीने ते एक पाऊल मागे सरले, पाठ दोरीला लागली, चिमटे फटाफट उडाले, कोट तंबूसारखा सुटला, आणि त्यात पाय अडकून लेखकराव उताणे पडले. त्यांना कोणी बोटही लावलं नव्हतं. पंचाने तरी सवयीने खाली बसून जमीन बडवत एक, दोन, तीन मोजलं. पोलाद आणि भूकंपने दोन्ही बाजूंनी वडिलांचे हात वर केले. असा जल्लोष त्या हॉलने कधी ऐकला नव्हता.

आतल्या खोलीत लेखकराव कमरेला बर्फ लावून बसले होते. समोर वडील, बाजूला धाकटी, दारात भूकंप.

"तुम्हाला माहीत होतं?" लेखकरावांनी विचारलं.

"पहिल्या शनिवारपासून. आवाज त्या मुलाचा, वाक्य माझं. केस कापायला जातो तिथे सगळे म्हणतात, काय बोलतो हो भूकंप. मी तोंडाला साबण लावून गप्प."

"मग याला नकार का दिलात?"

"का म्हणजे? माझ्या घरात, माझा चहा पीत, माझ्या तोंडावर सांगतो की वाक्यं याचीच आहेत. याला नाही तर काय हार घालू?" वडिलांनी चष्मा काढून पुसला. तो स्वच्छच होता. "आणि तू. एकदा येऊन म्हणाला असतास, बाबा, तुमची वाक्यं घेतो, तर मी काय नको म्हणणार होतो? मला तर वाटायचं तू ऐकतच नाहीस. जन्मभर भिंतीशी बोललो असं वाटायचं. आणि तू अक्षरन् अक्षर जपून ठेवलं होतंस."

लेखकरावांना काय बोलावं सुचेना. सुचलं असतं तरी ते वडिलांचंच निघालं असतं. त्यांचे डोळे भरून आले, आणि ते बर्फामुळे आहे असं त्यांनी सांगितलं.

"माझं चुकलं," भूकंप दारातून पुटपुटला.

"जावईबापू, उभे आहात की भिंतीला टेकवून ठेवलंय? आत या, बसा."

धाकटी हसली आणि रडलीही, आणि या वेळी कोण किती रडलं हे विचारायची कोणाला गरज वाटली नाही. एवढ्यात मालकीणबाई आत आल्या. त्यांनी लेखकरावांकडे पाहिलंही नाही. वडिलांसमोर खुर्ची ओढून त्या हळू आवाजात म्हणाल्या, "काका, पुढच्या शनिवारी येणार ना? लोक नावाने विचारतायत."

वडिलांनी थोडा भाव खाल्ला. मग हो म्हणाले.

"मी लिहून देतो, बाबा," लेखकराव कंबर धरून उठत म्हणाले. "कागद आहे माझ्याकडे."

"लिहू नकोस," वडील म्हणाले. "तू फक्त घरात राहा आणि चुकत जा. बाकीचं मी बघतो."